कारखाना बंद झाला, सरकारी प्रशिक्षण मोफत आहे. दादाने ते घ्यावं का?

मुक्ता_वाचते

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा दादा ४७ वर्षांचा आहे. बावीस वर्षं एकाच कारखान्यात मेंटेनन्सला होता. चार महिन्यांपूर्वी कारखाना कायमचा बंद झाला. सगळ्यांचा हिशोब चुकता झाला, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी गेलेल्या कामगारांसाठी सरकारी खर्चाने प्रशिक्षण आहे असं कळलं, म्हणून मी त्याच्यासोबत प्रशिक्षण केंद्रावर गेले. तिथे जे पाहिलं ते मनातून जातच नाहीये.

अर्जात 'पूर्वीचा अनुभव' असा एक रकाना होता. बोटभर उंचीचा. दादाने त्यात 'मेंटेनन्स, २२ वर्षे' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्याच्या कपाटात अकरा वह्या आहेत. कुठलं मशीन कधी बंद पडलं, आधी कसला आवाज येत होता, काय उघडलं, काय बदललं, पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागला, सगळं तारीखवार. समुपदेशक भले होते, पण त्यांच्यामागे रांग होती. त्यांनी पाच कोर्सची यादी पुढे सरकवली आणि "यातलं काय जमेल तुम्हाला?" असं विचारलं. दादाने यादी दोनदा वाचली आणि घरी विचारून सांगतो म्हणून उठला.

आता वहिनी म्हणते, फुकट आहे तर करून टाका. दादा म्हणतो, या वयात बाकावर बसून मला कोण नोकरी देणार? मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. अशा सरकारी प्रशिक्षणाने खरोखर फायदा होतो का? कुणी स्वतः केलंय का? वेगवेगळ्या देशांत याचा काय अनुभव आहे? जे माहीत असेल ते लिहा, मी दादाला वाचून दाखवणार आहे.

वाटसरू

मुक्ताताई, कळकळीने लिहिलंय. माझं मत कडू वाटेल, पण लिहितो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथला मोटारींचा मोठा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी थांबला. ऐन मंदी होती, कारखान्यावर अवलंबून असलेले छोटे पुरवठादारही बंद पडले. सरकारी मदतीने शेकडो लोक तिथल्या तांत्रिक महाविद्यालयात दाखल झाले. पुढे हिशोब केला तेव्हा दिसलं की जे शिकायला गेले त्यांची कमाई न शिकलेल्यांपेक्षा कमी होती, आणि काम मिळण्याचं प्रमाणही कमी होतं. शिकवणाऱ्यांनी कसूर केली नव्हती, शिकणाऱ्यांनीही जीव तोडून अभ्यास केला होता. शहरात नोकऱ्याच नव्हत्या. जे लगेच बाहेर पडले त्यांनी होत्या तेवढ्या जागा धरल्या, आणि जे वर्गात होते ते बाहेर आले तेव्हा रांगेच्या शेवटी उभे राहिले.

म्हणून कोर्स निवडण्याआधी एकच गोष्ट पाहा, दुसऱ्या टोकाला नोकरी आहे का. नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवर राहतं.

आकडेमोड

वाटसरूंनी लिहिलेलं खरं आहे, पण एका शहराच्या उदाहरणावरून दादांनी ठरवू नये. माझं कामच रोजगाराची आकडेवारी वाचण्याचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी प्रशिक्षण बाजूला ठेवा. एका जागी वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाची नोकरी जाते तेव्हा नेमकं काय जातं? १९९३ साली जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कामगारांच्या नोंदी तपासल्या. अडचणीत आलेल्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्या जुन्या कामगारांचं दीर्घकालीन नुकसान वर्षाला सरासरी २५ टक्के निघालं. नवी नोकरी लागल्यावरही ते पूर्ण भरून येत नव्हतं. कारण त्या माणसाचं कसब त्या कारखान्याच्या यंत्रांशी, माणसांशी, पद्धतीशी विणलेलं असतं. कारखाना गेला की ते कसब ओळखणारं कुणी उरत नाही. मुक्ताताईंनी अर्जातल्या रकान्याबद्दल लिहिलंय तेच हे.

याच तिघांनी पुढे २००५ मध्ये नोकरी गेल्यावर सामुदायिक महाविद्यालयात शिकायला गेलेल्यांचा अभ्यास केला. वर्षभराच्या शिक्षणाने दीर्घकाळात पुरुषांची कमाई साधारण ९ टक्के आणि स्त्रियांची १३ टक्के वाढली. पण ही सरासरी फसवी आहे. तांत्रिक, गणित आणि विज्ञानाशी जोडलेल्या विषयांत वाढ पुरुषांसाठी १४ टक्के आणि स्त्रियांसाठी २९ टक्के होती. बाकीच्या सर्वसाधारण विषयांत फायदा फारच थोडा, कदाचित शून्य. म्हणजे 'प्रशिक्षणाचा फायदा होतो का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणतं प्रशिक्षण, यावर सगळं आहे.

दुसरी गोष्ट काळाची. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर यांनी २०१८ मध्ये जगभरातले दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून तपासले. पहिल्या वर्षात प्रशिक्षणाचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही. दोन-तीन वर्षांनी दिसू लागतो. माणूस वर्गात असतो तोवर नोकरी शोधत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो मागेच पडतो. सरकारं मात्र सहा महिन्यांत निकाल मागतात आणि नाही दिसला की योजना गुंडाळतात. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना आणि स्त्रियांना फायदा तुलनेने जास्त होतो, हेही त्यातून निघालं.

मुक्ता_वाचते

आकडेमोड, खूप आभार. दादा विचारतोय की दोन-तीन वर्षांनी फायदा होणार असेल तर तोपर्यंत खायचं काय? त्याचा धाकटा दहावीला आहे.

आकडेमोड

दादांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. माझ्या मते सगळा प्रश्न याच काळाचा आहे. कोर्सची फी सरकार भरतं, पण माणसाला खरी किंमत मोजावी लागते ती फीची नसतेच. त्या महिन्यांत न मिळालेल्या मजुरीची असते. 'मोफत प्रशिक्षण' हा शब्द म्हणूनच मला खटकतो.

यंत्रमित्र

मी निवृत्त निदेशक, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात हाताने काम शिकवणारा. अठरा वर्षं कारखान्यात आणि चौदा वर्षं प्रशिक्षण केंद्रात काढली. कपात झालेल्या कामगारांच्या नऊ बॅच शिकवल्या. दादांसाठी लिहितो.

एका बॅचमध्ये ५२ वर्षांचे एक गृहस्थ आले होते. आयुष्यभर ग्राइंडिंगवर काम केलेले. चाकाचा आवाज ऐकून ड्रेसिंग (चाकाला पुन्हा धार आणणं) कधी करायचं ते सांगायचे. अभ्यासक्रमाप्रमाणे पहिले तीन आठवडे वर्गात सीएनसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचे, कोड शिकवायचे होते. गृहस्थ शेवटच्या बाकावर बसायचे, वही उघडी, पान कोरं. आजूबाजूला विशीतली मुलं भराभर उत्तरं द्यायची. दहाव्या दिवशी ते मला म्हणाले, "सर, माझ्यामुळे बॅच मागे पडते, मी येत नाही उद्यापासून."

मी त्यांना तिथूनच मशीनवर घेऊन गेलो. एक जॉब (मशीनवर घडवलेला भाग) काढला आणि मायक्रोमीटर हातात दिला. त्यांनी मोजलं आणि म्हणाले, दोन शतांश जादा आहे, टूल झिजलंय. मी म्हटलं, आता हेच दोन शतांश मशीनला सांगायचं, त्याला टूल ऑफसेट म्हणतात, आणि ते या पडद्यावर या ठिकाणी टाकतात. त्यांनी एका बोटाने आकडा टाकला. पुढचा जॉब काढला, मोजला, मापात आला. ते काही बोलले नाहीत. मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला आणि दुसरा जॉब लावला.

त्यांना यायला हवं होतं ते सगळं येत होतं. फक्त ते कुठल्या खिडकीत टाकायचं हे माहीत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक बॅचमध्ये मी वयस्क कामगारांना आधी मशीनवर उभं केलं आणि वर्ग नंतर घेतला. वरून विचारणा झाली, अभ्यासक्रमाचा क्रम का बदलला म्हणून. मी लेखी उत्तर दिलं. पुढे तो क्रम तसाच चालू राहिला.

मोठ्या माणसाला शिकवणं म्हणजे लहान मुलाला शिकवणं नव्हे. त्याच्याकडे आधीच खूप काही असतं. त्यातलं काय उपयोगाचं आहे ते ओळखून नव्याला जोडून देणं हेच निदेशकाचं काम. ज्या केंद्रात हे होत नाही तिथे चाळिशीपुढची माणसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गळतात, आणि कागदावर 'प्रशिक्षणार्थी गैरहजर' एवढीच नोंद होते.

मुक्ताताई, त्या अकरा वह्या दादांनी कुणाला दाखवल्या आहेत का?

शिवणयंत्र

यंत्रमित्र सर, तुमचं वाचून डोळे भरून आले. आम्हाला असं कुणी भेटलं नाही.

मी कपड्यांच्या कारखान्यात चौदा वर्षं लाइनवर होते. कॉलर आणि कफ. ऑर्डर दुसऱ्या देशात गेल्या, लाइन बंद. आम्हा बायकांसाठी संगणकाचा कोर्स निघाला. वेळ दुपारी दोन ते सहा. माझी मुलगी साडेबाराला शाळेतून यायची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मी सातव्या दिवशी सोडला. बत्तीस जणींपैकी अकरा शेवटपर्यंत राहिल्या. त्या अकरांना घरी कुणीतरी होतं. हुशारीचा त्यात काही संबंध नव्हता.

स्टायपेंड होता, पण तो कोर्स संपल्यावर एकरकमी मिळणार होता. ज्या बाईला रोज रिक्षाचे पैसे मोजून घराबाहेर पडावं लागतं तिला शेवटी मिळणाऱ्या रकमेचा काय उपयोग?

वर आकडेमोडांनी लिहिलंय की स्त्रियांना जास्त फायदा होतो. होत असेल, पण ज्या पोहोचतात त्यांना. मधेच घरी परतलेल्या बायका त्या आकड्यात कुठे आहेत?

आकडेमोड

शिवणयंत्रताई, तुमचा प्रश्न रास्त आहे. चांगल्या अभ्यासात मधेच सोडलेल्यांनाही मोजतात, पण सगळेच अभ्यास तसे नसतात, आणि सरकारी अहवालात तर बहुधा 'पूर्ण केलेल्यांपैकी किती टक्के' एवढंच छापलेलं असतं.

तुमच्या अनुभवाशी जुळणारं एक उदाहरण सांगतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात १९९० साली जीन्स शिवणारा एक मोठा कारखाना बंद झाला. सुमारे हजार कामगार बाहेर पडले, त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. तिथल्या वस्त्यांमधल्या नागरिक संघटनांनी दडपण आणलं आणि सरकारी पैशाच्या आधाराने १९९२ मध्ये 'प्रोजेक्ट क्वेस्ट' सुरू झाला. त्यांनी आधी रुग्णालयं आणि कंपन्यांकडे जाऊन माणसं कुठे कमी पडतात ते विचारलं. मग तेवढ्याच कामांसाठी लोकांना महाविद्यालयात पाठवलं. फीबरोबर मुलं सांभाळण्याची सोय, प्रवासखर्च, पुस्तकं यांना मदत केली, आणि दर आठवड्याला समुपदेशकासोबत बैठक ठेवली. कुणी गळायला लागलं की त्याच आठवड्यात कळायचं.

याची तपासणी सोडत काढून केली होती, म्हणजे अर्जदारांतून काहींना प्रवेश मिळाला आणि काहींना नाही, आणि दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. नवव्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा वर्षाला ५,००० डॉलरहून जास्त होती. इतका टिकाऊ फरक फार थोड्या योजनांत दिसलाय. आणि प्रवेश मिळालेल्यांत मधे सोडणारेही मोजलेले आहेत.

शिवणयंत्र

दर आठवड्याला बैठक. एवढं जरी असतं ना.

दूरचा_प्रवासी

मी काही वर्षं जर्मनीत काम केलं. तिथली एक व्यवस्था इथे सांगण्यासारखी आहे.

कारखाना बंद होणार असं ठरलं की कामगार संघटना आणि मालक यांच्या करारातून 'ट्रान्सफर कंपनी' उभी राहू शकते. नोकरी संपते त्याच दिवसापासून कामगार या कंपनीचा नोकर होतो, जास्तीत जास्त बारा महिन्यांसाठी. बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के सरकारी रोजगार खातं देतं. बरेचदा जुना मालक वर भर घालतो. या बारा महिन्यांत शिकायचं, दुसरीकडे चाचणी म्हणून काम करून पाहायचं, अर्ज करायचे. माणूस एक दिवसही 'बेरोजगार' या शिक्क्याखाली येत नाही. २०१४ च्या डिसेंबरात बोखुम शहरातला मोटारींचा कारखाना बंद झाला तेव्हा हजारो कामगारांसाठी अशीच सोय झाली.

मुक्ताताई, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. या कंपनीत जाण्याआधी प्रत्येक कामगाराची कौशल्य-पडताळणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. कुणीतरी समोर बसून विचारतं, तुम्हाला काय काय येतं. कोर्स त्याच्यानंतर ठरतो. बोटभर रकान्यात बावीस वर्षं बसवायची वेळ येत नाही.

कोळसा खाणींचंही तसंच. सरकारी मदत थांबवून खाणी बंद करायचा करार २००७ मध्ये झाला आणि बोट्रॉपची शेवटची खाण २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली. अकरा वर्षं आधी तारीख सांगितली होती. वयस्कांना निवृत्तीपर्यंत आधार दिला, तरुणांना खाण चालू असतानाच दुसरं काम शिकवून हलवलं. पैसा प्रचंड लागला, हे मान्य केलंच पाहिजे. पण कारखान्याचं कुलूप लागल्यावर प्रशिक्षण सुरू करणं आणि पगार चालू असताना सुरू करणं यांत फार मोठं अंतर आहे.

स्वीडनमध्ये तर मालकच पगाराच्या रकमेचा ठराविक छोटा हिस्सा कायम 'रोजगार सुरक्षा परिषदां'ना देत असतात. अशी एक परिषद १९७४ पासून आहे. नोटीस हातात पडल्याबरोबर मार्गदर्शक मिळतो. २०२२ पासून आणखी एक सोय झाली. पुरेशी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ४४ आठवड्यांपर्यंत पूर्णवेळ शिकता येतं आणि एका मर्यादेपर्यंत पगाराच्या ८० टक्के मिळतात. यासाठी नोकरी गेलेलीच असावी अशीही अट नाही.

वाटसरू

प्रवासी, तिकडच्या संघटनांना मालकासमोर बसून करार करून घेण्याची ताकद आहे. ती नसेल तर सरकारच्या शब्दावर किती विसंबायचं, याचं एक उदाहरण देतो.

१९६२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आयात खुली करणारा कायदा आणला. त्यात कामगारांना शब्द दिला होता, आयातीमुळे नोकरी गेली तर भत्ता आणि प्रशिक्षण देऊ. व्यापार-समायोजन साहाय्य असं योजनेचं नाव. पण पात्रतेच्या अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षं! १९७४ मध्ये अटी सैल केल्या तेव्हा योजना चालू लागली. आणि १ जुलै २०२२ ला मुदत संपली, संसदेने वाढवली नाही, तेव्हापासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. व्यापार खुला आहे तो आहेच.

मला राग येतो तो याचा. ज्या निर्णयाने देशाचा फायदा होतो त्याचं नुकसान ठराविक माणसांच्या डोक्यावर पडतं. भरपाईचा कायदा तात्पुरता असतो, आणि निर्णय मात्र कायमचा.

आकडेमोड

पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो. त्या योजनेचा फायदा झाला का, हे बेंजामिन हायमन यांनी छान पद्धतीने तपासलं. अर्ज कुठल्या तपास-अधिकाऱ्याकडे जाईल हे बरंचसं नशिबावर होतं, काही अधिकारी सढळ आणि काही कडक. त्या फरकाचा उपयोग करून त्यांनी दाखवलं की मंजुरी मिळालेल्या कामगाराला पुढच्या दहा वर्षांत मिळून सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमाई झाली. मात्र दहाव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांचा वार्षिक पगार सारखा झाला. शिकलेलं कसबही दहा वर्षांत जुनं होतं, हे त्यातून घ्यायचं.

त्याच योजनेत पन्नाशीपुढच्या कामगारांना दुसरा पर्याय होता, वेतनविमा. कोर्स नको असेल तर कमी पगाराची नोकरी लगेच घ्या, जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग दोन वर्षं सरकार देईल, कमाल १०,००० डॉलर. ज्यांना हा पर्याय मिळाला ते लवकर कामावर लागले आणि त्यांची एकूण कमाईही वाढली. पंचावन्नच्या माणसाला वर्षभराच्या कोर्सपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं असं माझं मत झालंय. दादा सत्तेचाळीसचे आहेत, त्यांच्यापुढे अजून बारा-पंधरा वर्षं आहेत. त्यांच्या बाबतीत मी शिकण्याच्या बाजूने आहे.

कायद्याचं_बोट

भारतापुरतं थोडक्यात. कामगारांच्या पुनर्वसनासाठी फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला होता. त्यातला बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देण्यातच गेला, पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला फार थोडा आला. निधी पुढे बंद झाला, आणि २००१-०२ पासून केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तांसाठी समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियोजनाची योजना आली.

आता औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात केलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने त्याच्या शेवटच्या पगाराच्या हिशोबाने १५ दिवसांची रक्कम निधीत भरायची, आणि कपातीपासून ४५ दिवसांत ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. ही नुकसानभरपाईपेक्षा वेगळी रक्कम आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

मुक्ताताई, दादांचा कारखाना या तारखेनंतर बंद झाला असेल तर हिशोबाच्या कागदात ही रक्कम आहे का ते नक्की पाहा, संघटनेला विचारा. तरतुदीचं मी स्वागत करतो, पण १५ दिवसांच्या पगारात नवं कौशल्य येत नाही हेही स्पष्ट बोलायला हवं. खात्यात पैसे जमा झाले म्हणजे पुनर्कौशल्य झालं असं सरकारने समजू नये.

अबोली_फुलते

वाचतेय. फार माहितीपूर्ण धागा.

एक काळजी. हल्ली गल्लोगल्ली 'सरकारमान्य' पाट्या लागलेली केंद्रं आहेत. नावं नोंदवून घेतात आणि शिकवत काहीच नाहीत. यावर उपाय काय?

आकडेमोड

ही अडचण जगभर आहे. ब्रिटनने २००० साली 'वैयक्तिक शिक्षण खाती' उघडली. नागरिकाने कोर्स निवडायचा आणि सरकारने संस्थेला पैसे द्यायचे. संस्थांची तपासणी नीट नव्हती, खोटी नावं नोंदवली गेली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये योजना घाईघाईने बंद करावी लागली. गैरव्यवहारात गेलेली रक्कम ९७ दशलक्ष पौंडांच्या घरात होती. सिंगापूरच्या 'स्किल्सफ्युचर' योजनेतही २०१७ मध्ये एका टोळीने खोट्या कागदपत्रांवर जवळपास ४ कोटी सिंगापूर डॉलर उकळले. त्यांनी योजना बंद केली नाही, तपासणी कडक केली, टोळीवर खटले भरले.

संस्थेला डोक्यामागे पैसे दिले तर ती डोकी जमवते. नोकरी लागल्यावर पैसे दिले तर ज्यांना तशीही नोकरी लागली असती अशा तरुण, शिकलेल्यांना ती निवडते आणि ४७ वर्षांच्या माणसाला दारातूनच परत पाठवते. मलई आधीच काढून घेतात. यावर पक्का तोडगा कुणालाच मिळालेला नाही.

यंत्रमित्र

अबोलीताई, आतला माणूस म्हणून सांगतो, केंद्र कसं आहे ते एका तासात कळतं. ऑफिसात बसू नका, कार्यशाळेत जा. मशीनखाली बुरादा दिसतो का ते बघा. स्वच्छ चकचकीत मशीन आणि खाली एक कीस नाही, म्हणजे ते चालतच नाही. एका मशीनमागे किती जण आहेत ते मोजा. माझ्याकडे सहाच्या वर गेले की चौघं नुसते बघत उभे राहायचे. मग मागच्या बॅचमधल्या तिघांचे नंबर मागा. देत नसतील तर तिथेच उठा. देत असतील तर फोन करून एवढंच विचारा, आज कुठे आहात आणि जे शिकलात ते वापरता का. स्टायपेंड महिन्याला मिळतो की शेवटी, प्रमाणपत्र कोणते मालक मानतात, मधे नोकरी मिळाली तर कोर्स सोडता येतो का, आणि कोर्सला बसलं की चालू असलेला बेकारी भत्ता बंद होतो का, हे लेखी घ्या. शेवटचं तर नक्कीच. माझा एक विद्यार्थी यात फसला. वर्गात नाव लागलं आणि भत्ता थांबला, दोन महिने उसनवारीवर काढले त्याने.

मुक्ता_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले अकरा दिवस दादा रोज संध्याकाळी विचारतो, धाग्यावर काय आलंय. काय झालं ते सांगते.

यंत्रमित्र सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही पुन्हा केंद्रावर गेलो. यादीतल्या पाचपैकी एका कोर्सच्या जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मिळाले. दोघं कामावर आहेत, पण कोर्सशी संबंध नसलेल्या. तिसऱ्याने चौथ्या आठवड्यात सोडला होता, कारण शिवणयंत्रताईंचंच, स्टायपेंड शेवटी. तो कोर्स दादाने बाद केला.

मग दादाने स्वतःच समुपदेशकांना विचारलं, माझ्या कामाला जोडून काही आहे का? आणि पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. त्यांनी चाळली. दोन-तीन पानं थांबून वाचली. मग मागच्या खोलीतून एका निदेशकांना बोलावलं. ते उभ्याउभ्याच वाचत राहिले आणि दादाला एका बेअरिंगबद्दल विचारलं, मग दुसऱ्या बिघाडाबद्दल. अर्धा तास दोघं बोलत होते, मी आणि समुपदेशक नुसते ऐकत होतो. चार महिन्यांत दादाला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या एका केंद्रात पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) आणि सेन्सरवर आधारित देखभालीचा सहा महिन्यांचा कोर्स आहे, ते या यादीत नव्हतंच. तीन महिने केंद्रात आणि तीन महिने प्रत्यक्ष कारखान्यात. स्टायपेंड महिन्याला आहे, थोडा आहे पण महिन्याला. वहिनीने सकाळचं काम धरलंय. मी धाकट्याच्या शिकवणीचं बघते. कायद्याचं_बोट, तुम्ही सांगितलेली रक्कम हिशोबात दिसत नाही, संघटनेने पत्र दिलंय, उत्तराची वाट बघतोय.

सोमवारपासून वर्ग आहे. दादाला भीती एकाच गोष्टीची वाटतेय, पीएलसीचा पडदा. मोबाइलवरही तो एका बोटाने टाइप करतो.

यंत्रमित्र

एका बोटाने पुरतं. लॅडर लॉजिक, म्हणजे पीएलसीला सूचना देण्याची शिडीसारखी आकृती, बघून दादा घाबरणार नाहीत, जुन्या रिले पॅनेलचं वायरिंग ज्याने केलंय त्याला ते चित्र ओळखीचं वाटतं. डाव्या बाजूची रेघ म्हणजे फेज, उजवीकडची न्यूट्रल, मधे संपर्क आणि कॉइल, असं समजून वाचायला सांगा. सोमवारी एक वही सोबत न्या. ज्या बिघाडाला सगळ्यात जास्त वेळ लागला तो निवडून ठेवा आणि निदेशकांना विचारा, या ठिकाणी सेन्सर असता तर कुठे बसवला असता.

शिवणयंत्र

दादांना सांगा, चौथ्या आठवड्यात मन उडेल. माझं सातव्या दिवशीच उडालं होतं. तेव्हा इथे येऊन लिहा, आम्ही आहोत. आणि मुक्ता, त्या केंद्रात दुपारची नाही, सकाळची बॅच असेल तर मलाही कळव.

मुक्ता_वाचते

सकाळची आहे, नऊ ते एक. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.